झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर आणि तुमचं खातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की साताऱ्यात पोवई नाका, राजवाडा, एसटी स्टँड, जिल्हाधिकारी कार्यालयाचा परिसर, जिथं जिथं 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी आहे तिथं गर्दी होते. अकरावी आणि डिप्लोमाचे प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, भरतीचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा. एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात कितीतरी जणांची खाती उघडतात आणि त्यातली काही दुकान बंद होईपर्यंत उघडीच राहतात. मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. मुलं, त्यांचे आईवडील आणि पेन्शनर मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते उत्तरांसकट इथं लिहिले आहेत.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. मग दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कोण बसतं?

जवळपास सगळेच. मोबाइलवर फॉर्म अर्धवट अडकतो, फोटो आणि सही ठरलेल्या केबीमध्ये बसवता येत नाही, प्रिंट तर काढायचीच असते. कोरेगाव, मेढा, दहिवडीहून कामासाठी साताऱ्यात आलेल्या माणसाला घरी जाऊन लॅपटॉप उघडण्याची सोय नसते. शिवाय कॉलेजची लॅब, अभ्यासिकेतला कॉम्प्युटर, ऑफिसमधलं सामाईक मशीन, लॉजच्या काउंटरवरचा पीसी हे सगळं याच सदरात येतं. तुमच्यानंतर ज्या खुर्चीवर दुसरं कुणी बसणार आहे, तो कॉम्प्युटर सार्वजनिक समजायचा.

दुकान वर्षानुवर्षं ओळखीचं आहे. तिथं कसली भीती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर नीट समजून घेतलं तर पुढचं निम्मं काम होतं.

दुकानदार ओळखीचा आहे, पण तुमच्यानंतर बसणारं गिऱ्हाईक ओळखीचं नाही. दुकानात कामाला असलेला मुलगा दर सहा महिन्यांनी बदलतो. रात्री मालकाचा पुतण्या त्याच मशीनवर गेम उतरवून घेतो आणि गेमसोबत आणखी काय उतरतं ते त्यालाही कळत नाही. मालकाची नियत शंभर टक्के साफ असली तरी कॉम्प्युटर साफ आहे याची हमी तो देऊ शकत नाही.

मी पाहिलेल्या बहुतेक भानगडींत कुणी मोठा हॅकर नव्हता. उघडं राहिलेलं जीमेल, डेस्कटॉपवर विसरलेली आधारची फाइल, फॉर्ममध्ये टाकलेला दुसऱ्याचाच मोबाइल नंबर आणि दुकानाच्या वहीत लिहिलेला पासवर्ड, या चार कारणांतच बहुतेक सगळं येतं. चारही आपल्या हातातली आहेत.

काम झालं की टॅब बंद करते. लॉगआउट आपोआप होतं ना?

नाही होत. तुम्ही पासवर्ड टाकून आत जाता तेव्हा वेबसाइट त्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक छोटी नोंद ठेवते. ती नोंद असेपर्यंत साइट पुन्हा पासवर्ड विचारत नाही. टॅब बंद करणं म्हणजे दार नुसतं लोटून घेणं, कडी लागत नाही. पुढच्या माणसानं जीमेल उघडलं की थेट तुमचा इनबॉक्स समोर येतो. बँकेच्या साइट काही मिनिटांनी स्वतःहून बाहेर काढतात, त्यामुळे लोकांना वाटतं सगळीकडे तसंच असेल. जीमेल, फेसबुक, इन्स्टाग्राम आठवडेच्या आठवडे उघडे राहतात.

म्हणून लॉगआउटचं बटण दाबायचं आणि मग तीच साइट पुन्हा उघडून बघायची. पासवर्ड मागितला तर खातं बंद झालं.

आणखी एक. लॉगिन करताना 'मला लक्षात ठेवा' किंवा 'या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका' अशी चौकट दिसते आणि कधी कधी तिथं बरोबरची खूण आधीच केलेली असते. ती काढायची. 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' असं ब्राउझरनं विचारलं तर 'कधीच नाही'.

इनकॉग्निटो विंडोत काम केलं तर पुरतं का?

बऱ्याच अंशी पुरतं, आणि दुकानात बसल्या बसल्या पहिली सवय हीच लावून घ्यावी. क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबा. फायरफॉक्समध्ये एन ऐवजी पी. काळी विंडो उघडते. या विंडोतली हिस्टरी, कुकी आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती विंडो बंद होताच पुसली जाते. मात्र इनकॉग्निटोच्या दोन-तीन विंडो उघडल्या असतील तर सगळ्या बंद कराव्या लागतात. एक जरी मागं राहिली तरी तुमचं खातं तिच्यात उघडं असतं, कारण त्या सगळ्या मिळून एकच सत्र चालवतात.

आता ती काय करत नाही ते. उतरवून घेतलेल्या फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये तशाच राहतात. तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे कॅफेच्या नेटवर्कवरून आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळू शकतं. मशीनमध्ये बटणं टिपणारा प्रोग्राम बसवलेला असेल तर त्याच्यापुढं इनकॉग्निटोचं काही चालत नाही. काही ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीत दिसणारं कुलूपही असंच मर्यादित कामाचं: त्या कॉम्प्युटरपासून वेबसाइटपर्यंतचा रस्ता सुरक्षित आहे एवढंच ते सांगतं, कॉम्प्युटर कसा आहे ते सांगत नाही.

क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर दाबलं की 'अतिथी', म्हणजे गेस्ट, असाही पर्याय असतो. तोही तितकाच चांगला.

दुकानात फक्त मेल उघडला, तर माझ्या मोबाइलमधले सेव्ह केलेले पासवर्ड तिथं कसे दिसायला लागले?

कारण तुम्ही जीमेलमध्ये गेलात आणि सोबत क्रोमलाही आपलं खातं जोडून दिलंत. साध्या विंडोत गुगल खात्यानं आत गेल्यावर क्रोम विचारतं की या खात्यानं ब्राउझरमध्येही साइन इन करायचं का. घाईत 'हो' दाबलं जातं. त्यानंतर मोबाइलवर साठवलेले पासवर्ड, बुकमार्क, पत्ते त्या मशीनवर येऊ शकतात. मेल उघडा राहण्यापेक्षा हे कितीतरी वाईट, कारण एका खात्याच्या जागी सगळीच खाती उघडी पडतात.

इनकॉग्निटो किंवा अतिथी विंडोत हा प्रसंगच येत नाही. आधीच झालं असेल तर वरच्या गोल चित्रातून साइन आउट करा आणि तुमच्या नावाचं प्रोफाइल तयार झालेलं दिसलं तर तेही काढून टाका.

प्रिंटसाठी दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडावं का?

शक्यतो नको. क्यूआर कोड स्कॅन केला की एका पीडीएफसाठी तुमच्या अलीकडच्या सगळ्या गप्पा त्या कॉम्प्युटरवर येतात. फोन खिशात घालून तुम्ही घरी गेलात, फोनचं नेट बंद केलंत, तरी ते जोडणं तुटत नाही. फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर ते आपोआप तुटतं, पण इतके दिवस फोन न वापरणारा माणूस आता कुठं आहे?

उघडलंच असेल तर तिथंच फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे तीन ठिपके दाबून 'लिंक केलेली डिव्हाइस' बघा आणि त्या नावावर दाबून लॉगआउट करा. ही यादी मधूनमधून घरीही बघत जा. चार डिव्हाइसपर्यंत जोडता येतात आणि कुठलं कधी वापरलं गेलं ते तिथं दिसतं. साताऱ्यात बसून तुम्ही कधीच न जोडलेलं मशीन यादीत असेल तर लगेच काढा आणि सेटिंगमधून सहा अंकी पिन लावा.

मग फाइल द्यायची कशी? दुकानाच्या नंबरवर पाठवली तर चालेल?

स्वतःचं खातं उघडण्यापेक्षा ते बरं. पण फाइल दुकानाच्या फोनवर, तिथून कॉम्प्युटरवर आणि तिथून प्रिंटरकडे जाते, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी तिची एक प्रत उरते.

शहरातल्या एका दुकानात मालकांच्या परवानगीनं आम्ही डाउनलोड फोल्डर उघडला होता. 'मार्कशीट बारावी', 'आई आधार मागची बाजू', 'नॉन क्रिमीलेअर फायनल 2', 'कॅन्सल चेक', 'लग्न पत्रिका करेक्शन', मग पुन्हा कुणाचं तरी पॅन कार्ड, कुणाच्या तरी बाळाचा जन्मदाखला. नावं, पत्ते, जन्मतारखा, खाते नंबर, सह्या. माउस फिरवत गेलं तरी यादी संपेना. मालक स्वतः गप्प झाले. त्यांनी कुणाचं काही जपून ठेवलं नव्हतं, फक्त पुसायचं राहून गेलं होतं. त्या दिवसापासून ते रात्री शटर ओढण्याआधी फोल्डर रिकामा करतात. असं करणारे आणखी दुकानदार हवेत.

तुम्ही एवढं करा. प्रिंट निघाल्यावर तिथं उभं राहूनच फाइल पुसायला सांगा. शिफ्ट धरून डिलीट दाबलं की ती रिसायकल बिनमध्येही जात नाही. नुसतं डिलीट दाबलं असेल तर बिनही रिकामं करायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल तर तुमच्या फोनवरून 'सर्वांसाठी हटवा' दाबा. दुकानानं उतरवून घेतलेली प्रत त्यानं जात नाही, पण चॅटमधली जाते. स्कॅन केलं असेल तर स्कॅनचा फोल्डर वेगळा असतो, तो लोक हमखास विसरतात. बिघडलेल्या प्रिंट तिथल्या रद्दीच्या खोक्यात टाकू नका, घरी न्या. पाठकोऱ्या कागदावर दुसऱ्याची झेरॉक्स निघाल्याचं तुम्हीही पाहिलं असेल.

आधारची प्रिंट काढताना वेगळी काळजी घ्यावी का?

हो. आधारच्या साइटवर कार्ड उतरवताना 'मास्क्ड' हा पर्याय मिळतो. त्यात बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. जिथं पूर्ण नंबर लागत नाही तिथं हीच प्रत द्या.

त्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित आहे असं समजू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तुमचा दहावीचा दाखला त्याच डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेला असेल तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारीच मिळाल्या.

आधारच्या साइटवरून किंवा एमआधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग कुणी तुमच्या बोटांच्या ठशांवर पैसे काढू शकत नाही. गरज पडेल तेव्हा तुम्ही ते तात्पुरतं उघडायचं. आणि आपल्या नावावर कुणी भलतंच सिम घेतलंय का, ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं.

फॉर्म भरणारे दादा स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतात. काय बिघडतं?

या एका गोष्टीकडे सगळ्यांनी कानाडोळा केलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादांचा हेतू वाईट नसतो. बामणोली-तापोळ्याच्या बाजूची एखादी मुलगी साताऱ्यात शिकायला असते. नंबर बाबांचा, बाबा कोयनेच्या पाण्यापलीकडं, तिथं रेंज कधी असते कधी नसते. ओटीपी येतो, वेळ संपते, पुन्हा पाठवा, पुन्हा संपते. मागं दहाजण उभे. दादा म्हणतात, माझाच नंबर टाकतो, काम उरकून जाईल. काम उरकतं.

पण त्या क्षणी त्या खात्याची मालकी सरकली. 'पासवर्ड विसरलात का?' दाबलं की नवा ओटीपी दादांच्या फोनवर जाणार. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाल्याचा मेसेज तिकडंच जाणार. परीक्षेचं हॉल तिकीट आल्याचं त्यांना कळणार, मुलीला नाही. दोन वर्षांनी दादांनी दुकान बंद केलं, नंबर बदलला, तर मुलीला स्वतःच्याच अर्जात शिरता येत नाही. बंद झालेला नंबर कंपनी नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. मग तो ओटीपी कुठल्या गावी वाजेल सांगता येत नाही.

ईमेलचंही तसंच. दुकानाच्या एकाच जीमेलवर शंभर मुलांची नोंदणी केलेली असते.

उपाय सोपा आहे, वेळ मात्र आधी काढायला हवा. घरातून निघण्याआधी ज्याचा नंबर द्यायचा त्याच्याशी बोलून ठेवा आणि तो माणूस रेंजमध्ये असेल अशी वेळ ठरवा. त्यापेक्षा बरं म्हणजे अकरावीला जाणाऱ्या मुलाचं स्वतःचं ईमेल खातं घरीच, मोबाइलवर काढून द्या. आधीच दुसऱ्याचा नंबर लागला असेल तर तो माणूस भेटण्यासारखा आहे तोवरच प्रोफाइलमध्ये जाऊन बदलून घ्या.

पासवर्ड दुकानदाराला सांगावाच लागतो. तो वहीत लिहून ठेवतो. मग?

सांगू नका, स्वतः टाइप करा. 'दादा, जरा कीबोर्ड द्या' एवढंच म्हणायचं. टाइप करायला अडखळत असाल तर सावकाश करा. कुणाचा खोळंबा झाला तर दोन मिनिटांचा होईल.

सांगावाच लागला तर त्या पोर्टलचा पासवर्ड इतर कुठंही वापरलेला नसावा. साताऱ्यातल्या निम्म्या फॉर्मचे पासवर्ड नाव, मग अ‍ॅट द रेटची खूण, मग एक-दोन-तीन असे असतात. एकाचा कळला की शेजाऱ्याचाही ओळखता येतो. घरी पोचल्यावर मोबाइलवरून तो बदलून टाका. दुकानदाराच्या वहीत मग जुना राहतो, राहू दे.

आणि ओटीपी?

स्वतः वाचायचा, स्वतः टाकायचा. फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. मेसेजमध्ये ओटीपी कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसलात आणि मेसेजमध्ये बँकेचं किंवा सिमचं नाव असेल तर तिथंच थांबा.

दाबलेली बटणं टिपणारा प्रोग्राम खरंच कुणी बसवतं का?

बसवतं. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि तेही झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानांतलंच. न्यूयॉर्कमध्ये एका माणसानं अशा साखळी दुकानांतल्या सार्वजनिक कॉम्प्युटरवर गुपचूप की-लॉगर बसवला आणि साडेचारशेहून जास्त लोकांची यूजर नावं आणि पासवर्ड गोळा केले. 2003 मध्ये त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला. तिथं बसलेल्या कुणाला काही जाणवलंही नव्हतं, कारण जाणवण्यासारखं काही नसतंच.

काही की-लॉगर हे कीबोर्डची वायर आणि सीपीयू यांच्यामध्ये खोचलेलं बोटाच्या पेराएवढं साधन असतात. सीपीयूच्या मागं एकदा नजर टाकायला हरकत नाही. पण प्रोग्रामच्या रूपातला की-लॉगर डोळ्यांना दिसत नाही. बँकेच्या साइटवरचा माउसनं दाबायचा कीबोर्ड वायरीतल्या साधनाला चुकवतो, पण स्क्रीनचे फोटो घेणाऱ्या प्रोग्रामला चुकवू शकत नाही.

खरा आधार दुहेरी पडताळणीचा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याच्या सोयीचा. ती चालू असेल तर चोराला नुसता पासवर्ड मिळून भागत नाही. रेंजची अडचण असलेल्यांसाठी गुगलचे बॅकअप कोड फार उपयोगी आहेत. खात्याच्या सुरक्षा विभागातून आठ अंकी दहा कोड मिळतात, ते घरी कागदावर उतरवून पाकिटात ठेवायचे. प्रत्येक कोड एकदाच चालतो, त्यामुळे दुकानात टाइप करताना कुणी टिपला तरी दुसऱ्यांदा कामाचा नाही. फोनमध्येच असे कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅपही रेंजशिवाय चालतं. बामणोलीच्या त्या मुलीला हे दोन्ही माहीत असायला हवेत.

बँकेचं काम कॅफेत केलं तर?

करू नका. फोनवर, स्वतःच्या डेटावर करा, नाहीतर शाखेत जा.

पेनड्राइव्ह नेला तर?

लागेल ती एकच फाइल घालून न्या. घरातल्या फोटोंचा, बायोडेटाचा, जमिनीच्या कागदांचा भरलेला पेनड्राइव्ह दुकानातल्या मशीनला लावला की तो सगळा तिथं उघडा पडतो आणि परत येताना सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट करणारा व्हायरस घेऊन येण्याची शक्यता दांडगी. घरच्या कॉम्प्युटरला लावण्याआधी स्कॅन करा.

कॉपी-पेस्ट केलेलं कुठं उरतं का?

उरतं. विंडोजमध्ये क्लिपबोर्डची हिस्टरी चालू असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेले पंचवीसपर्यंत तुकडे दिसतात. कुणी आधार नंबर कॉपी केलेला असतो, कुणी खाते नंबर. उठताना तिथं 'सर्व साफ करा' दाबा. पासवर्ड तर कधीच कॉपी-पेस्ट करू नका.

कॉलेजची लॅब आणि अभ्यासिका जास्त सुरक्षित असतात का?

काही लॅबमध्ये रीस्टार्ट केलं की मशीन पूर्ववत होईल अशी व्यवस्था असते. तिथं उठताना रीस्टार्ट करा. नसेल तर लॅबही दुकानासारखीच, उलट तिथं शेजारी मित्र असतात आणि गंमत म्हणून दुसऱ्याच्या उघड्या खात्यातून मेसेज टाकणं हा प्रकार लॅबमध्येच जास्त होतो. त्या गमतीनं मुलींना झालेला त्रास मी जवळून पाहिला आहे. पाणी प्यायला उठायचं असेल तरी लॉगआउट करून उठा.

नेट कॅफेत ओळखपत्र मागतात, वहीत नाव लिहायला लावतात. द्यावं का?

द्यावं. कॅफेवाल्यावर ते बंधनच आहे. सायबर कॅफेसाठी केंद्र सरकारचे 2011 चे नियम आहेत. त्यानुसार येणाऱ्याची ओळख पटवणं, त्याची नोंद ठेवणं आणि तिथून कुठल्या साइट उघडल्या गेल्या याची माहिती किमान एक वर्ष जपणं मालकाला भाग आहे. इनकॉग्निटोत बसलं तरी ही नोंद चुकत नाही, आणि चुकवण्याचं कारणही नाही.

मात्र आधारच दाखवलं पाहिजे असं नाही. मतदार ओळखपत्र, लायसन्स, पॅन, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र हेही चालतं. याच नियमांत आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नसावी आणि आडोसा नसलेल्या कॉम्प्युटरचे स्क्रीन मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत असंही आहे. म्हणजे मागून जाणाऱ्याला तुमचा स्क्रीन दिसणार हे धरूनच चालायचं आणि पासवर्ड टाकताना मागं कोण उभं आहे ते बघायचं.

इतकं सगळं केलं तर दुकानदाराला राग नाही का येणार?

भीड भिकेची बहीण. ज्याला आपल्या गिऱ्हाइकाची किंमत आहे त्याला राग येत नाही, हा माझा अनुभव. उलट तुमची फाइल तुमच्यासमोर पुसली गेली की उद्या काही झालं तर त्याच्यावर संशय यायला जागा राहत नाही. वयानं मोठे असतील तर 'काका, तेवढी फाइल काढून टाकता का?' असं म्हणून बघा, आजवर कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. कुणी म्हटलंच तर पोवई नाक्यावर दुसरं दुकान पाच पावलांवर आहे.

घरी पोचलो आणि आठवलं की खातं उघडंच राहिलं. आता?

दुकानात परत धावू नका, मोबाइल हातात घ्या. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची डिव्हाइस' अशी यादी आहे. त्यात दुकानाचा कॉम्प्युटर वेळेसकट दिसेल, त्यावर दाबून साइन आउट करा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरही 'तुम्ही कुठं लॉग इन आहात' अशीच यादी मिळते. व्हॉट्सअ‍ॅपचं वर सांगितलंच आहे.

त्यानंतर पासवर्ड बदला आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचाच आहे का ते तपासा. आत शिरलेला माणूस आधी तेच बदलतो. जीमेलच्या सेटिंगमध्ये मेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठवायची सोय असते, तिथं अनोळखी पत्ता नाही ना हेही बघा. हे शेवटचं कुणी बघत नाही, आणि पासवर्ड बदलल्यावरही ती गळती चालूच राहते.

खात्यातून पैसे गेले किंवा कुणी माझ्या नावानं काही केलं, तर तक्रार कुठं?

पैसे गेले असतील तर पहिला फोन 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर. लगेच. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढं सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. सोबत बँकेला कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून लाज वाटून दोन दिवस गप्प बसणं महागात पडतं.

पैशांचा प्रश्न नसेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. दुसऱ्याचा पासवर्ड फसवून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाताना स्क्रीनशॉट, आलेले मेसेज आणि दुकानात गेल्याची तारीख-वेळ लिहून न्या. आधी पुरावे, मग पुसापुशी.

फॉर्म भरताना लाइट गेली. खातं बंद झालं असं समजू का?

समजू नका. पावसाळ्यात साताऱ्यात हे रोजचंच आहे. लाइट आली, मशीन चालू झालं की क्रोम विचारतं, 'आधीची पानं पुन्हा उघडायची का?' पुढच्या गिऱ्हाइकानं 'हो' दाबलं की तुमचा अर्ज, तुमचा मेल, सगळं होतं तसं समोर येऊ शकतं. इनकॉग्निटोत बसला असाल तर ती विंडो अशी परत येत नाही, हा तिचा आणखी एक फायदा.

शक्य असेल तर लाइट येईपर्यंत थांबा, स्वतः लॉगआउट करा आणि मगच निघा. शेवटची एसटी गाठायची असेल आणि थांबता येत नसेल तर गाडीत बसून मोबाइलवरून त्या कॉम्प्युटरला खात्याच्या यादीतून बाहेर काढा. दुकानातलं मशीन बंद असलं तरी हे करता येतं. ते उद्या चालू होऊन नेटला जोडलं गेलं की तुमचं खातं पासवर्ड मागेल.